पिन-अप तारकांची चरित्रं तपासताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या बराकींत हॉलिवूड अभिनेत्री बेटी ग्रेबलचा एक पिन-अप, म्हणजे भिंतीवर लावायचा मोहक फोटो, जिकडेतिकडे चिकटवलेला असे. पांढरा पोहण्याचा पोशाख, पाठमोरी उभी, खांद्यावरून मागे बघून हसणारी. फॉक्स या चित्रपट स्टुडिओसाठी तो फ्रँक पोवोल्नीने काढला. या फोटोबरोबर हमखास येणारी गोष्ट म्हणजे ती तेव्हा गरोदर होती आणि पोट दिसू नये म्हणून पाठमोरी उभी राहिली.

आता तारखा मांडून बघा. फोटो १९४३ च्या सुरुवातीचा. बँडप्रमुख हॅरी जेम्सशी तिचं लग्न जुलै १९४३ मध्ये. मुलगी व्हिक्टोरिया जन्मली मार्च १९४४ मध्ये. नऊ महिने मागे मोजले की आपण जूनच्या आसपास पोचतो. मग फोटोच्या वेळी पोट लपवायचा प्रश्नच कुठे येतो? ही साधी बेरीज-वजाबाकी न करता गोष्ट उतरवून घेणं, ही सगळ्यात मोठी चूक.

दुसरी चूक म्हणजे स्टुडिओच्या प्रसिद्धी विभागाला साक्षीदार मानणं. ग्रेबलच्या पायांचा लाखो डॉलरचा विमा हा मुळात जाहिरातीचा भाग होता. वयाचंही तसंच. तिचा जन्म १९१६ चा, पण ती लहान असताना काम मिळावं म्हणून आईने वय वाढवून सांगितलं होतं. त्यामुळे करारातलं वय जन्मनोंदीशी ताडल्याशिवाय घेऊ नका. अमेरिकेची जनगणना ७२ वर्षांनी खुली होते, त्यामुळे १९५० पर्यंतच्या नोंदी आता बघता येतात. तिथे शोधताना पडद्यावरचं नाव घातलंत तर हाती काही लागेलच असं नाही. अभिनेत्री रिटा हेवर्थ हवी असेल तर ब्रुकलिनमध्ये जन्मलेली मार्गारिटा कान्सिनो शोधावी लागते.

हेवर्थवरून आठवलं, तिचं चित्र हिरोशिमाच्या बॉम्बवर होतं असं बिनधास्त लिहिलं जातं. ते होतं १ जुलै १९४६ ला बिकिनी बेटांवर चाचणीसाठी टाकलेल्या अणुबॉम्बवर, म्हणजे युद्ध संपून जवळपास वर्षाने. उलट ‘लाइफ’ मासिकातला तिचा तो गाजलेला फोटो ऑगस्ट १९४१ चा, अमेरिका युद्धात उतरायच्याही आधीचा.

पिन-अप मॉडेल बेटी पेजला तर युद्धकाळात ढकलूच नका. तिचं मॉडेलिंग सुरू झालं १९५० च्या सुमारास.