रॅम खराब आहे हे आधी सिद्ध करा, मग वॉरंटी मागा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आयटीआय, डिप्लोमा झालेली मुलं काम शिकायला येतात. स्क्रू पटापट निघतात, विंडोज बसवायला येतं, नेटवर्किंगही जमतं. अडतं ते रॅमपाशी, म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या मेमरीपाशी. हार्ड डिस्क जायला लागली की बऱ्याचदा आवाज करते, एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारा डबा गेला तर मशीन सुरूच होत नाही. रॅमचं तसं नाही. सकाळी टॅली नीट चालते, दुपारी बिल काढताना निळा स्क्रीन येतो. गिऱ्हाईक म्हणतं व्हायरस आलाय, आणि नवा मुलगा लगेच फॉरमॅट मारायला बसतो.

तिथेच थांबा. डिस्कवर जाणारी प्रत्येक फाइल आधी रॅममधून जाते. रॅममध्ये एक बिट जरी उलटला तरी तो तसाच डिस्कवर लिहिला जातो. म्हणून रॅमवर संशय असताना फॉरमॅट नको, नवीन विंडोज नको आणि डिस्कवरच्या चुका दुरुस्त करणारी चेकडिस्क तर अजिबात नको. दुरुस्तीच्या नावाखाली चांगल्या फाइल्स बिघडू शकतात. बॅकअप हवा असेल तर डिस्क काढून दुसऱ्या चांगल्या मशीनला लावून घ्या. गिऱ्हाइकाचा डेटा रॅमच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

संशय कशावरून घ्यायचा? निळ्या स्क्रीनवर कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया' असं दर वेळी वेगळं कारण दिसणं, झिप उघडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याची खूण) येणं, कॉपी केलेल्या फोटोत अर्ध्यापासून रंगीत पट्टे दिसणं, विंडोज टाकताना मध्येच फाइल करप्ट असल्याचा मेसेज येणं. यातलं एकटं काही पक्कं नाही; दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या की रॅमकडे वळायचं.

आधी सफाई. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, मगच रॅमला हात घाला. उद्यमनगर, शिरोलीकडच्या फाउंड्रीतून आलेल्या मशीनमध्ये बारीक काळी धूळ असते आणि तिच्यात लोखंडाचे कण असतात. ती वीज वाहून नेऊ शकते, त्यामुळे ब्लोअर दुकानाबाहेर नेऊन मारा आणि रॅम बसते तो स्लॉटही साफ करा. रॅमच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबर सगळेच वापरतात, पण वरचा सोन्याचा थर फार पातळ असतो, म्हणून जोर नको आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका. पावसाळ्यात आलेली बरीच मशीन एवढ्यावरच ठीक होतात. तरीही टेस्ट लावल्याशिवाय मशीन परत देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

टेस्टसाठी पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस घ्या. पहिल्याच्या मोफत आवृत्तीत चार पासची (पूर्ण फेऱ्यांची) मर्यादा आहे. दुसरं मुक्त स्रोत आहे, त्याला तशी मर्यादा नाही आणि सहाव्या आवृत्तीपासून ते यूईएफआय म्हणजे नव्या पद्धतीच्या मशीनवरही चालतं. विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक पटकन होते, पण तिला काही सापडलं नाही म्हणून रॅम चांगली ठरत नाही. टेस्ट रात्रभर लावून ठेवा. एक एरर म्हणजेही एररच. 'एकच आहे, चालतंय' असं मानू नका.

टेस्टच्या आधी बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना चालणारं मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर, डिफॉल्ट सेटिंगवर आणा. डीडीआर४ पिढीच्या रॅमचं नेहमीचं व्होल्टेज १.२ असतं. एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायचं सेटिंग) चालू केलं की ते बहुतेक वेळा १.३५ वर जातं आणि वेगही वाढतो. एरर फक्त एक्सएमपीवरच येत असतील तर बोर्ड किंवा प्रोसेसरला तो वेग झेपत नाही, अशीही शक्यता उरते. डिफॉल्टवरही एरर आले तर तुमची बाजू भक्कम होते. डीडीआर५ असेल तर आणखी एक सांभाळा: रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना मेमरी ट्रेनिंग (बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेतो ते) चालतं आणि स्क्रीन काही मिनिटं काळा राहू शकतो. घाबरून पॉवर काढू नका.

आता मुख्य काम. एका वेळी रॅमची एकच स्टिक (सुटी पट्टी), एकच स्लॉट. चार स्लॉटच्या बोर्डावर सहसा प्रोसेसरकडून दुसरा स्लॉट आधी भरायचा असतो, पण मॅन्युअल बघा. पहिली स्टिक त्या स्लॉटमध्ये, मग दुसरी त्याच स्लॉटमध्ये, मग संशयित स्टिक वेगळ्या स्लॉटमध्ये. एरर स्टिकबरोबर फिरला तर स्टिक खराब. स्लॉटलाच चिकटून राहिला तर बोर्ड बघा. इंटेलच्या सॉकेटमधली वाकडी पिन किंवा फार आवळलेला कूलर यामुळेही रॅमचा एक चॅनेल (प्रोसेसरशी जोडणारा मार्ग) जातो. दोन्ही स्टिकवर, सगळीकडे एरर आले तर एसएमपीएस, प्रोसेसर आणि बायोसची आवृत्ती तपासा. एकदम दोन गोष्टी बदलल्या तर काहीच कळत नाही.

उद्यमनगरातल्या ओतकामाचे नमुने बनवणाऱ्या एका पॅटर्न शॉपचं मशीन असंच आलं होतं. ड्रॉइंग सेव्ह करताना बंद पडायचं. आठ-आठ जीबीच्या दोन स्टिकच्या किटमधली एक स्टिक डिफॉल्टवरही फेल होत होती. सर्व्हिस सेंटरने पहिल्यांदा सांगितलं, "बोर्डाचा दोष असेल." आम्ही तीच स्टिक दुसऱ्या बोर्डावर लावली, तिथेही एरर आले. दोन्ही स्क्रीनचे फोटो, प्रत्येक फोटोत स्टिकचा सीरियल नंबर दिसेल असे, ईमेलला जोडले. क्लेम मंजूर झाला. फोनवरच्या वादाने हे काम झालं नसतं.

क्लेम कुणाकडे करायचा हे आधी ठरवा. लॅपटॉप किंवा ब्रँडेड पीसीबरोबर आलेली रॅम असेल तर वॉरंटी मशीन बनवणाऱ्या कंपनीकडे मागायची. रॅमवर दुसऱ्या कंपनीचं नाव छापलेलं असलं तरी. सुटी घेतलेली असेल तर जीएसटी बिल आणि सीरियल नंबर लागतो. म्हणून विकतानाच बिलावर सीरियल नंबर लिहायची सवय लावा. स्टिकर किंवा हीटसिंक (वरचं धातूचं कवच) काढू नका, त्यावरून क्लेम नाकारतात. किट असेल तर बऱ्याच कंपन्या दोन्ही स्टिक परत मागतात, कारण त्या जोडीने तपासलेल्या असतात. तोवर गिऱ्हाइकाचं काम अडणार, हे आधीच सांगा आणि जमलं तर दुकानातली एक स्टिक तात्पुरती द्या.

ईमेलमध्ये रॅमचा मॉडेल नंबर, सीरियल नंबर, बोर्डाचं मॉडेल, बायोसची आवृत्ती, एक्सएमपी चालू होतं की बंद, कोणत्या स्लॉटमध्ये किती एरर आले, एवढं लिहा. राग लिहू नका. सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात नसेल तर पार्सल बाहेर जाणार, म्हणून अँटीस्टॅटिक पिशवीत घालून कडक खोक्यात पॅक करा, फोटो काढा आणि कुरिअरची पावती जपून ठेवा.

नकार आला तर कारण लेखी मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. मात्र धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार यात ग्राहक धरला जात नाही; स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे. कारखान्याच्या नावाचं बिल असेल तर हे गिऱ्हाइकाला आधीच समजावून सांगा.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव खूप चढले, त्यामुळे जुन्या स्टिकचा क्लेमही सोडून देऊ नका. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशियल या ब्रँडचा ग्राहकांसाठीचा व्यवसाय थांबवत असल्याचं जाहीर केलं, पण वॉरंटी सेवा चालू राहील असंही सांगितलं. ब्रँड दुकानातून गेला म्हणजे क्लेम संपला, असं गिऱ्हाइकाला परस्पर सांगू नका.

बदलून आलेली रॅम थेट लावून देऊ नका. तिलाही रात्रभर टेस्ट लावा आणि नवा सीरियल नंबर जुन्या बिलाला जोडा. वॉरंटी बहुतेक वेळा मूळ खरेदीच्या तारखेपासूनच मोजतात, म्हणून बदलीचं पत्रही त्याच फाइलमध्ये ठेवा.