फिल्टरपुढचे आकडे का चुकतात आणि बाकीच्या गोष्टी

संकेतस्थळावर वस्तूंची यादी गाळायचे फिल्टर बनवताना सुरुवात शोधनोंदींपासून करा. लोक शोधखिडकीत स्वतःहून जे टाइप करतात (रंग, आकार, वर्ष) तेच फिल्टर वर ठेवा. डेटाबेसमधला प्रत्येक रकाना फिल्टर म्हणून मांडायची हौस नको.

एकाच गटातल्या निवडी ‘किंवा’ने जोडायच्या, वेगवेगळे गट ‘आणि’ने. लाल व निळा टिक केला, शिवाय ‘मोठा’ आकार, तर या दोन्हीपैकी कुठल्याही रंगाच्या मोठ्या वस्तू दिसाव्यात.

हमखास गडबड होते ती पर्यायापुढच्या आकड्यांत. ‘लाल (१२)’ निवडताच ‘निळा (०)’ दिसू लागतो, कारण मोजणी आधीच लाल गाळलेल्या निकालांवर होते. एखाद्या गटाचे आकडे काढताना त्या गटाची स्वतःची निवड बाजूला ठेवा, बाकी गटांच्या निवडी लागू राहू द्या. मग निळ्यापुढे खरे ७ दिसतील. तरीही शून्य आलं तर पर्याय फिका करा, गायब नको. गायब केला की यादी उडी मारते आणि बोट भलत्याच ठिकाणी पडतं.

स्लायडरसोबत (आकडा ठरवायची सरकपट्टी) आकडा टाइप करायची चौकट द्याच. हात थांबल्यावर साधारण ३०० मिलिसेकंदांनी सर्व्हरला एकच विनंती पाठवा आणि आधीची रद्द करा, नाहीतर उशिरा आलेलं जुनं उत्तर नव्या निकालांवर येऊन बसतं.

मोबाइलवर फिल्टरचं पॅनेल निकाल झाकून टाकतं, तिथे ‘१९ निकाल दाखवा’ असं बटण हवं. लावलेले फिल्टर निकालांच्या वर, प्रत्येकाला फुली. निवड यूआरएलमध्ये (पानाच्या पत्त्यात) लिहा, म्हणजे मागे आल्यावर ती टिकते. बॅक दाबल्यावर सगळं पुसलं गेलं तर माणूस पुन्हा टिका मारत बसत नाही.