लिलावाआधी कुणाकुणाला कळवायचं: एका वसुली अधिकाऱ्याच्या फाइलीतून

सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत मी बरीच वर्षं वसुली अधिकारी होतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ चा थकबाकी वसुलीचा दाखला हातात आला की त्याच कायद्याचं कलम १५६ आणि त्याखालचा नियम १०७ याप्रमाणे जप्ती, ताबा, लिलाव हे सगळं आमच्या गळ्यात पडतं. नवीन पोरं मला विचारतात, "साहेब, लिलाव कसा घ्यायचा?" लिलाव घेणं अर्ध्या तासाचं काम आहे. त्याआधी कुठं कुठं कळवलं आणि त्याची पोहोच कुठाय, यावर तो टिकतो किंवा पडतो.

माझा एक पडला, तोच आधी सांगतो. रस्त्याकडेचा पत्र्याचा गाळा आणि मागची जागा. लिलावाची जाहीर नोटीस मी ७ मे ला आमच्या कार्यालयात लावली आणि त्याच दिवशी तहसीलला नेऊन दिली. आवक शिक्का मारून घेतला, चहा प्यालो, परत आलो. लिलाव ठेवला ९ जूनला. तीन बोलीवाले आले, १४ लाखांना गाळा गेला, खरेदीदाराने तिथल्या तिथं १५ टक्के म्हणजे २ लाख १० हजार भरले. पुढच्याच आठवड्यात कर्जदाराच्या वकिलाचा अर्ज आला. तहसीलच्या फलकावर नोटीस प्रत्यक्षात लागली होती ११ मे ला. चार दिवस ती कुणाच्या तरी टेबलावर फायलींखाली होती. ११ मे ते ९ जून, दिवस २९. नियमाला हवेत किमान ३०. एका दिवसासाठी लिलाव रद्द झाला आणि खरेदीदाराचे पैसे मी खाली मान घालून परत केले.

तेव्हापासून तहसीलमध्ये नोटीस नुसती देऊन येत नाही. तिथल्या शिपायाबरोबर फलकापर्यंत जातो, माझ्यासमोर ती लागते, दोन पंचांच्या सह्यांचा पंचनामा करतो आणि फोटो काढतो. फोटोत आजूबाजूच्या नोटिसाही दिसू द्या, म्हणजे फलक कुठला ते कळतं. दिवस मोजायचे ते सगळ्यात उशिरा लागलेल्या नोटिशीपासून. आणि ३० च्या जागी ३५ धरा. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजा, तोंडी हिशेबात मे महिन्याचा ३१ वा दिवस हमखास दगा देतो.

पण नोटिशीच्याही आधी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे जावं लागतं. मालमत्तेची हातची किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचं नाही आणि आपण सगळे जिला अपसेट प्राईस म्हणतो ती, मंजूर करून घ्यायची असते. प्रस्तावाला मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल, रेडी रेकनरचा दर, चालू सातबारा किंवा मिळकत पत्रिका, दाखल्याची आणि जप्तीच्या कागदांची प्रत जोडा. मूल्यांकन जुनं असेल तर प्रस्ताव त्रुटी लावून परत येतो आणि आपले दोन महिने जातात. सातबारा वाचताना 'इतर हक्क' हा रकाना सोडू नका. भोगवटादार वर्ग २ (म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसलं, किंवा खातेदार आदिवासी असला (महसूल संहितेचं कलम ३६ अ), तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवानगीचा प्रश्न आधी सोडवा, मग पुढचं पाऊल. इतर हक्कात दुसऱ्या बँकेचा बोजा असेल तर त्या बँकेलाही पत्र द्या आणि लिलावाच्या जाहीरनाम्यात (म्हणजे जाहीर नोटिशीत) तो बोजा स्पष्ट लिहा, कारण आधीच्या बोज्यासकटच मालमत्ता विकली जाते. घरपट्टीची थकबाकी ग्रामपंचायतीकडून लेखी घेऊन तीही लिहावी. दडवलेली गोष्ट खरेदीदाराला उद्या कळणारच आहे.

कर्जदाराला नोटीस द्यायची हे सांगायला नको. मी जामीनदार आणि सातबारावरचे सहहिस्सेदार यांनाही देतो. घरचे घेत नसतील तर दारावर डकवून पंचनामा करायचा, पोस्टानेही पाठवायची. भांडत बसू नका. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही दार लावलं असतं.

आता दवंडी. पुष्कळ जण वर्तमानपत्रात जाहिरात दिली की दवंडी विसरतात. नियमात ती आहे: लिलावाच्या आधी लागोपाठ दोन दिवस आणि लिलावाच्या दिवशी सुरू होण्यापूर्वी, मालमत्ता ज्या गावात आहे त्या गावात. आम्ही गावातलाच हलगीवाला धरायचो. एकदा त्याने गट नंबर २४१ च्या ऐवजी २१४ पुकारला. २१४ वाला शेतकरी बनियनवरच धावत चावडीवर आला, "माझा काय संबंध?" म्हणून. त्याची समजूत घालण्यात तासभर गेला आणि दवंडी पुन्हा द्यावी लागली. म्हणून मजकूर मोठ्या अक्षरात लिहून हलगीवाल्याच्या हातात द्या आणि गट नंबर त्याच्याकडून दोनदा वदवून घ्या. तिन्ही दिवसांचे तीन वेगळे पंचनामे करा. एकाच कागदावर तीन तारखा टाकल्या की वकील हसतो.

पोलीस ठाण्याला बंदोबस्ताचं पत्र किमान पंधरा दिवस आधी द्यावं. त्यात वसुली दाखल्याचा क्रमांक, गट नंबर, जागा, तारीख, वेळ, तणावाची शक्यता आहे का, महिला पोलीस लागतील का हे सरळ लिहा. फी भरायची असेल तर पावती फाइलला लावा. दोन दिवस आधी ठाण्यात पुन्हा जाऊन या, कारण तुमचं पत्र कुणाच्या लक्षात असेल असं धरून चालता येत नाही. गावच्या जत्रेचा किंवा बाजाराचा दिवस टाळा. त्या दिवशी ठाण्यात माणूस मिळत नाही. लिलावाची जागा त्याच गावातली किंवा लगतची वर्दळीची असावी. मी चावडी किंवा ग्रामपंचायतीसमोरचं मैदान घ्यायचो. त्यासाठी तलाठी आणि ग्रामसेवक दोघांनाही पत्र, दोघांचीही पोहोच. तोंडी "या की साहेब" वर जाऊ नका, त्या दिवशी नेमकं कुलूप असतं.

प्रत्येक पत्राची आपली प्रत वेगळी ठेवा. आवक शिक्का, तारीख, बारनिशीचा (आवक नोंदवहीचा) क्रमांक आणि घेणाऱ्याची सही, या चारही गोष्टी असल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. शिक्क्यावर तारीख उमटली नसेल तर तिथंच पेनाने लिहून घ्या.

कर्जदाराच्या पत्रात मी शेवटी एक परिच्छेद नेहमी घालायचो, संचालकांना तो आवडायचा नाही. लिलाव झाल्यावरही ३० दिवसांत जाहीरनाम्यातली थकबाकी, व्याज-खर्चासह, आणि खरेदी किमतीच्या ५ टक्के रक्कम भरली, तर लिलाव रद्द करून घेता येतो. ते ५ टक्के खरेदीदाराला मिळतात. एक संचालक म्हणाले, "तुम्ही त्यांना वाट कशाला दाखवता?" मी म्हटलं, वसुली झाली ना, मग गाळा कुणाच्या नावावर राहतो याच्याशी आपल्याला काय करायचंय?