डिरेक्टरीत साइट नोंदवण्याआधी

डिरेक्टरी म्हणजे वेबसाइटींची यादी. तिथून लिंक मिळाली की आपली साइट गूगलच्या शोधात वर येईल, या आशेने लोक नाव नोंदवतात. पण ‘५०० डिरेक्टऱ्यांत नोंदणी’ असलं पॅकेज घेऊ नका. निकृष्ट डिरेक्टऱ्यांतल्या लिंका गूगल स्पॅम धरतं. २०१२ च्या पेंग्विन अपडेटने (गूगलने शोधाची क्रमवारी लावण्याच्या पद्धतीत केलेला बदल) अशा लिंकांच्या जोरावर वर आलेल्या साइट्स खाली गेल्या. २०१६ पासून या लिंका बहुतेकदा मोजल्याच जात नाहीत, म्हणजे पैसे पाण्यात.

नोंदवायचंच तर आधी डिरेक्टरी चाळून बघा. प्लंबरच्या यादीत कॅसिनो दिसला की तिथूनच परत फिरा. गिऱ्हाईक खरंच शोधायला येतं अशा स्थानिक किंवा व्यवसायाच्या यादीत मात्र जरूर नाव द्या. नाव, पत्ता, फोन गूगल बिझनेस प्रोफाइलवर (गूगल शोधात आणि मॅप्सवर दिसणारी व्यवसायाची नोंद) आहे तसाच ठेवा. जुना नंबर कुठे राहिला तर फोन भलतीकडेच जातो.

आधीच्या लिंका सर्च कन्सोलच्या (साइटमालकांसाठी गूगलचं साधन) ‘लिंक्स’ अहवालात दिसतात. मॅन्युअल ॲक्शन (गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई) आलेली नसेल तर डिसअव्हाउच्या, म्हणजे ‘या लिंका धरू नका’ असं गूगलला कळवण्याच्या, वाटेला जाऊ नका, चांगल्या लिंकाही हातच्या जाऊ शकतात.