सस्पेन्शन न बदलता पिकअपला मोठे टायर बसवताना

पिकअपच्या मालकाला मोठे टायर घ्यावेसे वाटतात ते बहुधा पहिल्या पावसाळ्यानंतर. बागेकडे जाणारी जांभ्याची पाणंद दोन्ही चाकोऱ्यांत खचते, मधला उंचवटा तसाच राहतो आणि मागच्या धुऱ्यावरचा डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचा, गोळा त्याला घासू लागतो. अशा वेळी पुष्कळ जण सस्पेन्शन उचलून घेण्याचा विचार करतात. परंतु स्प्रिंगा उचलल्याने फक्त चॅसी आणि बॉडी वर जाते, अखंड धुऱ्याचा तो गोळा होता तिथेच राहतो. त्याला जमिनीपासून वर नेण्याचा रोजच्या वापरातला मार्ग एकच, तो म्हणजे अधिक उंचीचा टायर. म्हणूनच कंपनीचे सस्पेन्शन आहे तसे ठेवून टायर किती वाढवता येतो, या प्रश्नाकडे हौसेची बाब म्हणून न पाहता नीट हिशेब करून पाहिले पाहिजे.

हिशेब सोपा आहे. इसुझूच्या हाय-लँडर पिकअपवर येणारा २४५/७० आर१६ हा टायर उदाहरणादाखल घेऊ. २४५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ७० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के आणि १६ म्हणजे इंचांत रिमचा व्यास. भिंत १७१.५ मिलिमीटरची, तिची दुप्पट ३४३ आणि रिमचे ४०६.४ मिळून टायरचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर होतो. याच रिमवर २५५/७० घेतल्यास व्यास ७६३, २४५/७५ घेतल्यास ७७४, २६५/७० घेतल्यास ७७७ आणि २६५/७५ घेतल्यास ८०४ मिलिमीटर भरतो. दुकानात हे आकडे ऐकताना एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती अशी की गाडीची उंची व्यासाच्या निम्म्यानेच वाढते. २४५/७५ ने गोळा वर जातो तो जेमतेम १२ मिलिमीटर. एवढ्याशा उंचीसाठी हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. पण पाणंदीत रोज घासणाऱ्या गाडीला हे १२ मिलिमीटरही पुष्कळ होतात.

व्यासातला फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवावा, असा टायरच्या धंद्यातला रूढ संकेत आहे. त्यानुसार २५५/७० निर्धोक बसतो, २४५/७५ मर्यादा किंचित ओलांडतो, २६५/७० पावणेचार टक्क्यांवर जातो आणि २६५/७५ सात टक्क्यांच्या पुढे पोहोचतो. याला ताडून पाहण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. इसुझूच्याच व्ही-क्रॉस पिकअपवर २५५/६० आर१८ टायर येतात आणि त्यांचा व्यास ७६३ मिलिमीटर, म्हणजे २५५/७० आर१६ इतकाच भरतो. तेव्हा त्या बांध्याच्या गाडीखाली एवढे चाक फिरावे हे कंपनीनेच गृहीत धरलेले आहे. आपल्या पिकअपच्या वरच्या श्रेणीतल्या गाडीवर कोणता टायर येतो हे आधी पाहावे. मोठ्या टायरची पहिली खात्रीची खूण तिथे मिळते.

माझी पसंती २४५/७५ ला आहे आणि तिची कारणे दोन आहेत. पहिले असे की रुंदी मूळच्या टायरएवढीच राहते, त्यामुळे चाकाच्या आतल्या बाजूला सस्पेन्शनचा वरचा आर्म (चाकाला चॅसीशी जोडणारा दांडा) आणि टायर यांच्यातली फट बदलत नाही. २६५ च्या टायरमध्ये रुंदी २० मिलिमीटरने वाढते, त्यातले १० आत येतात आणि १० बाहेर जातात, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ते आतले १० मिलिमीटर जाणवतात. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. २४५/७५ आर१६ हा आकार २०२० मध्ये आलेल्या थारच्या काही गाड्यांवर कंपनीकडूनच येत असल्याने आपल्याकडे तो सहज मिळतो आणि आडवाटेला टायर फाटला तरी चार दिवस खोळंबून राहावे लागत नाही.

आतली फट कमी पडते म्हणून कमी ऑफसेटच्या, म्हणजे चाक अधिक बाहेर बसवणाऱ्या, रिमा घेऊन किंवा रिमच्या मागे स्पेसरची चकती लावून चाक बाहेर काढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मूळ सस्पेन्शनवर मी तो मानत नाही. चाक बाहेर गेले की वळताना त्याचा फेरा मोठा होतो, टायरचा खांदा पुढे बंपरच्या कोपऱ्याला आणि मागे लायनरच्या, म्हणजे मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराच्या, तळाला लागू लागतो, आणि व्हील बेअरिंगवर ताण येतो तो वेगळाच.

टायरच्या भिंतीवर आकड्यांपाठोपाठ भारांक छापलेला असतो. भारांक १११ असेल तर तो टायर १०९० किलो पेलतो, ११२ असेल तर ११२० किलो. बदललेल्या टायरचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये, कारण पिकअपचा मागचा धुरा रिकाम्या आणि भरलेल्या हौद्यात दोन निरनिराळ्या गाड्यांसारखा वागतो. आकाराच्या आधी ‘एलटी’ अक्षरे असलेले टायर जाड भिंतीचे आणि दणकट असतात, परंतु तेवढाच भार पेलण्यासाठी त्यांना साध्या टायरपेक्षा अधिक हवा लागते. दारावरच्या पट्टीतला हवेचा आकडा त्यांना जसाच्या तसा लागू पडत नाही. शिवाय ते वजनाला जड असल्याने गाडी उचल खाताना आणि ब्रेक लावताना मंदावल्यासारखी वाटते. घेताना तारीखही पाहावी. भिंतीवरच्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे असतात, म्हणजे २३२४ याचा अर्थ २०२४ चा तेविसावा आठवडा.

आता मुख्य काम, म्हणजे टायर कुठे लागतो हे पैसे मोजण्यापूर्वी शोधणे. दुकानात गाडी जॅकवर असते, चाक खाली लोंबते आणि मडगार्डमध्ये मूठभर जागा दिसते. ती जागा फसवी असते. टायर लागतो तो गाडी भरलेली असताना, स्टिअरिंग पूर्ण वळलेले असताना आणि एक चाक खड्ड्याच्या काठावर चढून स्प्रिंग दबलेली असताना. माझ्या एका शेजाऱ्याच्या गाडीला २६५/७५ बसवून दिले, दुकानाच्या आवारात दोन फेऱ्या झाल्या आणि सगळे ठीक आहे असे ठरले. पुढच्याच आठवड्यात आंब्याच्या पेट्या भरून घाट उतरताना उजव्या वळणावर लायनर फाटून टायरभोवती गुंडाळला गेला. गाडी हळू होती म्हणून निभावले.

हे टाळण्याची रीत अशी. चारही टायर चढवण्याआधी एकच नवा टायर स्टेपनीच्या रिमवर चढवून घ्यावा आणि ते चाक पुढे डावीकडे लावावे. फोर-व्हील ड्राइव्ह असल्यास या चाचणीत तो बंद ठेवावा आणि गाडी चालण्याच्या वेगापलीकडे नेऊ नये. मग गणपतीच्या मूर्तीसाठी लागते ती शाडूची माती भिजवून तिचे लिंबाएवढे गोळे करावेत आणि मडगार्डच्या आत तीन ठिकाणी चिकटवावेत: पुढे बंपरच्या खालच्या कोपऱ्यात, मागे लायनर जिथे खालच्या पत्र्याला मिळतो त्या सांध्यावर आणि वर मधोमध. ओली माती टायरला चिकटून निघून येऊ नये म्हणून गोळ्यांवर रांगोळी भुरभुरावी. हौद्यात नेहमीचे ओझे आणि पुढे दोन माणसे बसवून, स्टिअरिंग एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे पूर्ण वळवून गाडी पुढे न्यावी व मागेही आणावी. मागे घेताना टायर वेगळ्याच जागी लागतो, म्हणून ही फेरी चुकवू नये. त्यानंतर बांधावर किंवा पायरीसारख्या उंचवट्यावर तेच एक चाक तिरके चढवावे, म्हणजे त्या बाजूची स्प्रिंग पूर्ण दबते, आणि तिथेही स्टिअरिंग दोन्हीकडे वळवून पाहावे.

गाडी सपाटीवर आणून गोळे पाहिले की सगळे उघड होते. गोळ्यावर टायरच्या नक्षीचा ठसा नसेल तर प्रश्न मिटला. ठसा असेल तर उरलेल्या मातीची जाडी काडीने मोजावी. ती बोटाच्या जाडीइतकी असेल तर मी समाधान मानतो. कारण पावसात नक्षीत चिखल भरतो, खडे अडकतात आणि टायर तेवढ्याने फुगल्यासारखा होतो. माती चपटी होऊन खालचे प्लॅस्टिक दिसत असेल तर तो टायर तिथे लागणारच. हीच चाचणी उजव्या बाजूलाही करावी, कारण दोन्ही बाजूंचा लायनर अगदी सारखा बसलेला क्वचितच आढळतो.

थोडेसे घासत असेल तर उपाय आहेत. मडफ्लॅप काढून किंचित मागे लावता येतो. लायनरचे प्लॅस्टिक हीट गनने ऊब देऊन मागे दाबता येते, खालची कड एखाद्या सेंटिमीटरने कापता येते. ज्या गाडीत कॅस्टरचा कोन, म्हणजे चाक वळते त्या आसाचा पुढे-मागे असलेला कल, बदलता येतो तिथे अलाइनमेंटवाल्याकडून तो मर्यादेत वाढवून घेतल्यास चाक किंचित पुढे सरकते आणि मागची फट वाढते. अर्थात पुढच्या कोपऱ्यात तेवढी जागा असली पाहिजे. याच्या पलीकडे जाऊ नये. लायनरच्या मागे केबिन चॅसीवर बसवणारी बैठक असते; टायर तिथे लागतो म्हणून ती ठोकून आत दाबणे किंवा कापणे हे काम मूळ सस्पेन्शनच्या गाडीवर कधीही करून घेऊ नये. तिथवर वेळ आली असेल तर टायर मोठा पडला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई केली आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर स्पष्ट निकाल दिला आहे. त्यामुळे कंपनीने त्याच मॉडेलला मान्य केलेला आकार घेणे सर्वांत बरे. त्यापेक्षा मोठा घ्यायचा असल्यास आधी विमा कंपनीला लेखी विचारून घ्यावे.

२४५/७५ बसवल्यावर वेगाचा काटा ८० दाखवत असताना चाक मूळ टायरच्या मानाने सव्वातीन टक्के अधिक अंतर कापते, म्हणजे वेग सुमारे ८२.६ होतो. अंतरमापकही तेवढाच मागे राहतो. १०,००० किलोमीटरला तेल बदलायचे असल्यास ते अंतरमापकावर सुमारे ९,७०० ला बदलावे. हवा किती ठेवावी हे ठरवण्यासाठी टायरच्या नक्षीवर आडवी खडूची जाड रेघ ओढून सरळ सपाट रस्त्यावर दोनशे मीटर गाडी चालवावी. रेघ मधेच पुसली गेली तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली गेली तर कमी. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी ही रेघ वेगवेगळी ओढून दोन्ही आकडे लिहून ठेवावेत.

स्टेपनीही त्याच आकाराची हवी. फोर-व्हील ड्राइव्ह चालू असताना एक चाक लहान आणि तीन मोठी असली तर घट्ट रस्त्यावर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ताकद वाटणारी पेटी, अडकून पडते. मोठी स्टेपनी हौद्याखाली साखळीने ओढून पूर्ण वर बसते का आणि सायलेन्सरला टेकत नाही ना, हे दुकानातच पाहावे. शेवटी नट एकाआड एक समोरासमोरचे, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कने आवळावेत, आणि पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर चाके गार असताना पुन्हा एकदा पाना लावून पाहावा.