कापसाच्या खोलीत जड गिटारचं रेकॉर्डिंग

१९९४ च्या ऑक्टोबरात अमेरिकन रॉक संगीतकार डेव्ह ग्रोलने सिएटलच्या रॉबर्ट लँग स्टुडिओत साधारण आठवडाभरात आपल्या फू फायटर्स या बँडचा पहिला अल्बम रेकॉर्ड केला. एका गाण्यातला गिटारचा तुकडा सोडला, तर सगळी वाद्यं त्याने एकट्याने, थरावर थर चढवत वाजवली. ही रीत गावातल्या घरातही जमते. दिवाळीनंतर चांगल्या भावाची वाट पाहत कापूस ज्या खोलीत भरून ठेवतात, तीच खोली निवडा, कारण कापूस घुमारा शोषतो.

जड आवाजासाठी गिटारची सर्वात जाड, सहावी तार ई सुरावरून डीवर उतरवतात; या ड्रॉप डी ट्यूनिंगमध्ये ती ८२.४ वरून ७३.४ हर्ट्झवर येते. या सुराच्या लहरीची लांबी जवळपास ४.७ मीटर. तो नीट शोषायचा तर तिच्या पाव, म्हणजे सुमारे ४ फूट जाडीचा मऊ थर हवा. भिंतीला टांगलेली गोधडी वरचा कर्कशपणा तेवढा खाते, खालचा घुमारा तसाच राहतो. हातभर खोल कापसाचा ढीगही कमीच पडतो. ढीग छातीपर्यंत असला की टिनाच्या घरातसुद्धा आवाज सुटसुटीत येतो.

गिटारच्या अँपचं (अँप्लिफायरचं) तोंड ढिगाकडे करा, पण मध्ये ४ फूट अंतर ठेवा. ट्यूब अँप चांगलाच तापतो आणि सैल प्लगची एक ठिणगीही कापसाला पुरते. एक्स्टेंशन बोर्ड ढिगापासून लांब, पाण्याची बादली दाराशी. ढिगावर सुती चादर टाका, नाहीतर तंतू माइकच्या जाळीत जातात.

१०-४६ चा तारांचा सेट (सर्वात बारीक आणि सर्वात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) डीवर ढिला पडतो आणि जोरात दाबलं की सूर चढतो, म्हणून जाड तारेचा १०-५२ लावा. तार आधी डीच्या खाली सोडून मग वर चढवत आणा, म्हणजे घसरत नाही. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथेच तारेला नुसता स्पर्श करून काढलेल्या हार्मोनिकपेक्षा चढा असेल, तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे सरकवा.

माइक स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेसमोर, ३ ते ५ सेंटीमीटरवर. रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये, आवाजाचा सर्वात वरचा टप्पा (पीक) -१० डीबीच्या आसपास. अँपचा गेन (आवाज फाटवणारं बटण) एकट्या गिटारला बरा वाटतो त्याहून कमी ठेवा, कारण थर वाढले की आवाजाचा चिखल होतो. आता तोच भाग पुन्हा वाजवा: एक टेक (एकदा वाजवलेलं रेकॉर्डिंग) पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. पहिला टेक कॉपी करून चालत नाही. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या असल्या की आवाज मधोमधच येतो, रुंद होत नाही. कडव्यात एकच स्वच्छ गिटार ठेवा, तरच ध्रुवपदाला दोन्ही थर अंगावर येतात.

घरघर आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. तरी राहिली तर आर्थिंग तपासा. उन्हाळ्यात आर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घाला. अर्थची पिन मात्र कधीच तोडू नका, तारांना हात लावताच शॉक बसू शकतो.

मिक्स मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. तिथे ७३ हर्ट्झ वाजतच नाही; कानाला तो सूर त्याच्या पटीतल्या वरच्या सुरांमुळे, म्हणजे हार्मोनिक्समुळे कळतो. रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी गिटारची ओळ) नाहीशी झाली असेल, तर अँपवरचं मधल्या सुरांचं बटण, मिडल, वाढवून पुन्हा रेकॉर्ड करा.