आय३-३२२० की एफएक्स-६३००? तुलना करताना या चुका टाळा

आठवड्यातून एकदा तरी माझ्या कम्प्युटरच्या दुकानात कुणीतरी मोबाइल पुढे करतो. "भाऊ, यातला कोनता घेऊ?" स्क्रीनवर दोन प्रोसेसर, म्हणजे कम्प्युटरचे मेंदू, शेजारी-शेजारी, हिरव्या-लाल पट्ट्या आणि खाली एक टक्केवारी. जोडी बहुतेक वेळा हीच: इंटेलचा आय३-३२२० आणि एएमडीचा एफएक्स-६३००. दोन्ही २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आलेले. तेव्हाची किंमत ११७ आणि १३२ डॉलर, म्हणजे एकाच पंगतीतले. आता दोन्ही जुन्या बाजारात भंगाराच्या जवळपास भावाने मिळतात, म्हणून आमच्या यवतमाळकडच्या तालुक्यांत सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान, कोचिंग क्लास, जिथं पाहावं तिथं हेच. आणि चुकाही त्याच त्या.

कोअर मोजून निकाल लावणे

ही माझी आवडती चूक. आवडती म्हणजे हिच्यावर माझं दुकान चालतं.

कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे हात, थ्रेड म्हणजे एका वेळी धरता येणारी कामं. आय३-३२२० मध्ये कोअर दोन, थ्रेड चार. एफएक्स-६३०० वर लिहिलेलं असतं सहा कोअर. सहा भागिले दोन बरोबर तीन, म्हणजे तिप्पट वेग, असा सरळ हिशोब पोरं करतात. पण एफएक्समध्ये ते सहा कोअर तीन जोड्यांमध्ये बसवलेले आहेत. प्रत्येक जोडीत दशांशाचं गणित करणारा भाग एकच, दोघांत वाटून घ्यायचा. एका घरात दोन भाऊ आणि बैलजोडी एकच, तसं. याच रचनेच्या आठ कोअरवाल्या एफएक्सवरून अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला होता. २०१९ मध्ये एएमडीने १.२१ कोटी डॉलर देऊन तो मिटवला.

त्याहून मोठी गोष्ट अशी की एकट्या कोअरच्या ताकदीत आय३ सरळ पुढे आहे. ब्राउझर, एक्सेल, पीडीएफ, सातबाऱ्याची साइट ही कामं मुख्यतः एकट्या कोअरच्या जोरावर चालतात. सहाच्या सहा कोअर कामाला लागतात ते व्हिडिओ रेंडर करताना, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ पक्का बनवताना, मोठी फाइल झिप करताना. तिथे एफएक्स जिंकतो, आणि चांगला जिंकतो. तुम्ही दिवसभर काय करता, हे आधी सांगा. मग मी कोअर मोजतो.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावच्या एका पोराने सेवा केंद्र टाकलं. मला न विचारता नागपूरहून सेकंडहँड एफएक्स-६३०० चा सेट घेऊन आला. एसटीत मांडीवर कॅबिनेट धरून. दुकानात ठेवत म्हणाला, "सहा कोअर हाये भाऊ, तुमच्या आय थ्रीले उभं नाही राहू देत." बटण दाबलं. पंखा फिरला, लाइट लागली, मॉनिटर काळाच. तो रॅम काढून पुसत बसला, तासभर. मी चहा संपवला आणि मग सांगितलं: एफएक्सच्या पोटात ग्राफिक्स, म्हणजे मॉनिटरवर चित्र पाठवणारा भाग, नाही. ९७० चिपसेटच्या त्या मदरबोर्डातही नाही. वेगळं कार्ड लावल्याशिवाय चित्र येणारच नाही. (७६०जी चिपसेटच्या जुन्या बोर्डांवर डिस्प्ले येतो, पण त्यातल्या स्वस्त बोर्डांना ९५ वॅटचा प्रोसेसर झेपत नाही. उन्हाळ्यात हात लावून पाहा.) आय३-३२२० मध्ये एचडी २५०० ग्राफिक्स आतच असतं. सेवा केंद्राला त्याहून जास्त लागत नाही.

शेवटी माझ्याकडचं जुनं जीटी ७१० कार्ड लावून दिलं. महिनाभराने पोरगा परत हजर. "लाइट गेली का यूपीएस दोन मिनिटं बी नाही टिकत." ६०० व्हीएचा यूपीएस, बॅटरी अर्धी मेलेली, त्यावर ९५ वॅटचा प्रोसेसर आणि वरून ग्राफिक्स कार्ड. आय३ ५५ वॅटचा आहे. आमच्याकडे दुपारची लाइट कशी असते ते मुंबई-पुण्यात बसून तुलनेच्या साइट बनवणाऱ्याला कुठून कळणार?

"आय थ्री म्हणजे आय थ्री"

नाही. २०१० चा आय३-५३०, २०१२ चा ३२२० आणि २०१७ चा चार कोअरवाला ८१०० ही तीन वेगळी जनावरं आहेत. दुकानदार नुसतं "आय थ्री" म्हणाला की पूर्ण नंबर विचारा. तो चिडला तर उठा.

गिगाहर्ट्झ

म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग. ३.३ विरुद्ध ३.५, म्हणून एफएक्स मोठा? मग ३.४ गिगाहर्ट्झचा जुना पेंटियम डी घ्या आणि विंडोज उघडेपर्यंत शेतावर चक्कर मारून या.

धूळ न काढता तुलना करणे

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून लांब लिहितो. मे महिना, दुकानावर टिनाचं छप्पर, बाहेर पंचेचाळीसच्या वर. कॉलेजचा एक मुलगा आपला आय३-३२२० घेऊन आला. "मशीन स्लो होऊन रायली, एफएक्स घेऊ का?" शेजारी एक एफएक्स उभाच होता. दोन्हीवर सेव्हन-झिप या फाइल दाबणाऱ्या प्रोग्रामची चाचणी लावली. एफएक्स इतका पुढे गेला की मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, घे. बयाणाही घेतला.

रात्री झोप येईना. फरक फार होता. दोघांत एवढा फरक असूच शकत नाही, हे मला माहीत होतं. सकाळी आय३ परत लावला आणि प्रोसेसरचा वेग दाखवणारं सीपीयू-झेड उघडं ठेवून चाचणी चालवली. ३.३ वरून घड्याळ घसरत १.६ गिगाहर्ट्झवर आलं. कॅबिनेट खोललं तर प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत कापसाची रुई नमद्यासारखी बसलेली. घर जिनिंगच्या मागे, दुसरं काय होणार! प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली. प्रोसेसर तापला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. मी आजारी पैलवानाशी कुस्ती लावून निकाल दिला होता.

ब्लोअर मारला, नवी पेस्ट लावली, पुन्हा चाचणी. झिपमध्ये एफएक्स पुढेच राहिला, पण ब्राउझरमध्ये आय३. बयाणा परत केला. तेव्हापासून माझा नियम असा की ब्लोअर मारल्याशिवाय आणि पेस्ट बदलल्याशिवाय मी कुठलाच आकडा वाचत नाही. आणि मेमध्ये चाचणी सकाळी सातला.

हार्ड डिस्कचा राग प्रोसेसरवर काढणे

एकात एसएसडी, म्हणजे नव्या तऱ्हेची वेगवान डिस्क, दुसऱ्यात दहा वर्षांची खडखडणारी हार्ड डिस्क, आणि म्हणे एएमडी फास्ट. एकच एसएसडी काढून दोन्हीत लावा, विंडोज नवी टाका, रॅम सारखी ठेवा. दोन्हीत ४+४ जीबी, एकटी ८ ची पट्टी नको. आय३च्या जुन्या एच६१ बोर्डावर साटा, म्हणजे डिस्क जोडायचा मार्ग, ३ जीबीपीएसचाच असतो, तरी फरक डोळ्यांना दिसतो. ज्यांना एसएसडीचे पैसे वाचवून प्रोसेसर बदलायचा आहे, त्यांनी कृपया दुसरं दुकान पाहावं.

बायोस विसरणे

२०११ च्या एच६१ बोर्डात ३२२० बसतो, पण बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, जुना असेल तर डिस्प्ले येत नाही आणि लोक चांगला प्रोसेसर "मेला" म्हणून परत करतात. माझ्या गल्ल्यात त्यासाठी जुन्या बायोसवरही चालणारा एक पेंटियम जी६२० कायम पडलेला असतो. तो लावायचा, बायोस अपडेट करायचा, मग ३२२०.

थंड मशीनचा कूलर उपटणे

एफएक्सच्या पिना प्रोसेसरलाच असतात. पेस्ट घट्ट झालेली असली की कूलरसोबत प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं चालवा, बंद करून वायर काढा, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवा, मग उचला. वाकलेली पिन मी शिसपेन्सिलीच्या, म्हणजे क्लचवाल्या, रिकाम्या टोकाने सरळ करतो. घाईच्या माणसाने हे करू नये. घाईच्या माणसाने कॅबिनेटच खोलू नये.

विंडोज ११ च्या आशेवर एकाला निवडणे

दोघांनाही ते अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. या मुद्द्यावर कुणी जिंकत नाही.

सेवा केंद्रवाल्या पोराला मी नंतर ३२२० चा सेट दिला. यूपीएसची बॅटरीही बदलली, लाइट गेली तरी पावती निघेपर्यंत आता टिकतो. त्याचा एफएक्स चुलतभावाने नेला, तो लग्नाचे व्हिडिओ करतो. लग्नसराईत रात्री अकराला रेंडर लावून झोपतो. दुपारी लावत नाही. ते मी सांगायच्या आधीच त्याला कळलं होतं.